पेशंटबाईची पिवळी फीत

मरावं तर पेशंटबाईनंच! थट्टा नाही, बरं का. नर्सिंग कॉलेजातल्या शिक्षकांच्या खोलीत चहा ढवळता ढवळता हे वाक्य सर्रास म्हटलं जायचं, आणि म्हणणारीला त्यात काही वावगंही वाटायचं नाही. परीक्षेच्या दिवशी बाई पलंगावर आडवी व्हायची. सकाळी नुसती कणकण असलेली बाई दुपार टळेपर्यंत अशी काही मरणाला टेकायची, की समोरच्या मुलीच्या हातातलं थर्मामीटर गळून पडावं. मग घंटा व्हायची, बाई उठून बसायची, केस सारखे करायची आणि विचारायची, "चहा उरलाय का गं कोणाचा?"

आता तुम्ही म्हणाल, हा कसला उद्योग! तर आहे असा उद्योग, आणि चांगला मानाचा आहे. खऱ्या आजाऱ्यावर शिकाऊ मुलींची परीक्षा घेता येत नाही. तो बिचारा आधीच जिवाला कंटाळलेला असतो. म्हणून कॉलेज पगारी पेशंट ठेवतं. छातीत कळ येणारे एक निवृत्त पोस्टमनकाका होते, ते कळ आली की हमखास उजवीकडे हात न्यायचे. पोटदुखीवाली एक होती, ती मध्येच फिसकन हसायची. पेशंटबाईकडे मात्र सगळ्यात अवघड काम होतं, सेप्सिसचं. ते दुसऱ्या कोणाला द्यायची मोठ्या मॅडमची छाती नव्हती.

मोठ्या मॅडम म्हणजे परीक्षेच्या प्रमुख. आवाज खणखणीत, चाल वादळासारखी. दर वर्षी नव्या मुलींना त्या तीच गोष्ट घोळवून घोळवून सांगायच्या आणि पेशंटबाई कोपऱ्यात बसून ऐकायची.

"जंतू शिरले, एका जागी ठाण मांडून बसले, ताप आला, ती झाली साधी लागण. ती तुम्हाआम्हा सगळ्यांना होते. पण त्या जंतूंशी लढता लढता शरीराचंच डोकं फिरतं आणि ते आपल्याच अवयवांवर उठतं, तेव्हा तो सेप्सिस. त्याची पाटी कपाळावर लागलेली नसते, बायांनो! श्वास मिनिटाला बावीस किंवा वर गेलाय, वरचा रक्तदाब शंभर किंवा खाली आलाय, माणूस बोलण्यात गोंधळतोय, यातलं दोन दिसलं की धावत सुटायचं. लघवी कमी झालीय का विचारा. ताप नाही म्हणून गाफील राहू नका. वय झालेल्या माणसाचं अंग तापण्याऐवजी गारही पडतं. आणि सलाइन देऊनसुद्धा रक्तदाब वर राहीना, तो टिकवायला औषध चालू ठेवावं लागलं, रक्तात लॅक्टेट साचत चाललं, की तो शॉक. तिथे पोचलेली कितीतरी माणसं परत येत नाहीत."

पेशंटबाईला हे ऐकायची गरज नव्हती. तिनं ते घरात पाहिलं होतं.

तरुणपणी ती एका फिरत्या नाटक कंपनीत होती. नायिकेचं रूप नव्हतं, गळाही बेताचाच. पण मरायचं काम आलं की तिच्यापुढे सगळ्या फिक्या. कंपनीचा मालक म्हणायचा, "हिला तिसऱ्या अंकात मारा, मग पडदा पडेपर्यंत कोणी खुर्ची सोडतं का बघा." तिचा नवरा त्याच कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून अडलेल्या नटाला हळू आवाजात पुढचं वाक्य पुरवायचं, हे त्याचं काम. सगळे त्याला कुजबुजराव म्हणायचे. बिचाऱ्याला सवयच अशी लागली होती, की घरीसुद्धा भाजीत मीठ कमी पडलंय हे तो तिच्या कानाशी येऊन सांगायचा. विंगेत बसला की उजव्या हाताच्या बोटांत त्याच्या एक दोरी असायची. तिचं दुसरं टोक वर माळ्यावर, पडदेवाल्याच्या घंटेला. रंगमंचावर काही विपरीत झालं, कोणी चक्कर येऊन पडलं, कुठे काही पेटलं, तर त्यानं हिसका द्यायचा आणि पडदेवाल्यानं आहे तिथे पडदा पाडायचा. अशी वेळ क्वचित यायची. पण दोरी हातातून सुटायची नाही.

असा हा माणूस नेपथ्य गाडीत चढवताना पायात खिळा घुसला म्हणून गेला. खिळाच तो! पाय सुजला, ताप आला, कोणी म्हणालं साथ आहे, कोणी म्हणालं अशक्तपणा आहे. मग ताप उतरला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. ताप कुठला उतरतोय. अंग गार पडत चाललं होतं. श्वास कुत्र्यासारखा भरभर, बोलणं असंबद्ध, गुडघ्यांवर जांभळट जाळी. उजव्या हाताची बोटं सारखी चादर चिमटीत धरून ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. ती उशाशी बसून बघत होती. याला काही नाव असतं, यावर काही औषध असतं, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

पुढे कंपनी मोडली. पोटासाठी ती या कॉलेजात आली, आणि मोठ्या मॅडमनी पहिल्यांदा सेप्सिसची गोष्ट सांगितली तेव्हा ती कोपऱ्यातून म्हणाली, "हे मला येतं." तिनं करून दाखवलं. मॅडम खुर्ची ओढून जवळ आल्या. मग त्यांनी विचारलं, "ते चादर चिवडणं कुठून उचललंत हो?"

"घरून," ती म्हणाली.

तेव्हापासून ती दर परीक्षेला नवऱ्याचं मरण वठवत होती. तसंच थरथरणं, तसंच बरळणं, शेवटी तसंच "मला घरी न्या, मला घरी न्या." घरात बसून "घरी न्या" म्हणणारा तो माणूस! ते वाक्य ती म्हणाली की मुलींच्या अंगावर सरसरून काटा यायचा. एकदा वन्सं, म्हणजे तिची नणंद, कॉलेजच्या कार्यक्रमाला आल्या होत्या. दोघी शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. दोघीही एकट्या, दोघीही हट्टी. वन्संना कानानं कमी ऐकू यायचं, पण डोळे घारीचे. तो प्रयोग पाहून त्या घरी आल्या आणि दोघींची पानं वाढली. मग म्हणाल्या, "वहिनी, दादाला तुम्ही असं किती वेळा मारणार?"

पेशंटबाईनं मान खाली घातली. "मला दुसरं काय येतं, वन्सं?"

आता परीक्षेची रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच आहे. परीक्षेत कोणी खरं काही मोजत नसे. मुलीनं म्हणायचं, "मी ताप बघते," आणि परीक्षकानं कागदावरचा आकडा सांगायचा. ती म्हणणार, "मी श्वास मोजते," की उशाशी ठेवलेल्या यंत्रावर आकडा उमटणार. तो मॅडम खोलीच्या टोकाला बसून बटणावर बदलायच्या. यंत्राच्या वायरी बाईच्या अंगाला चिकटवलेल्या असायच्या, पण दुसरं टोक कुठेच जोडलेलं नसायचं. पेशंटच्या डाव्या मनगटावर एक पिवळी फीत बांधायचे. खरंच काही झालं तर पेशंटनं ती सोडून खाली टाकायची. फीत जमिनीवर दिसली की परीक्षा जागच्या जागी बंद. पोस्टमनकाकांनी एकदा पायात गोळा आला म्हणून टाकली होती आणि नंतर आठवडाभर टोमणे खाल्ले होते. पेशंटबाईनं कधीच टाकली नाही. चालू प्रयोग मोडणं तिच्या रक्तात नव्हतं, आणि त्याचा तिला चांगलाच ताठा होता.

आणखी एक खोड होती तिची. परीक्षेच्या दिवसांत ती पाणी प्यायची नाही. मधूनच उठून मोरीवर जावं लागलं तर आजारी दिसायला अंगाला लावलेला रंग उतरतो, वायरी निघतात, लय तुटते. तेव्हा घसा कोरडा पडला तरी चालेल, लघवी दाबून धरू, पण पलंग सोडायचा नाही. त्या वर्षी परीक्षा लांबली, रोज कोणती ना कोणती तुकडी. बाईला लघवीला जळजळ व्हायला लागली, मग कमरेत ठणका. वन्संनी ओळखलंच.

"वहिनी, आज नका जाऊ. तोंड बघा आरशात."

"शेवटचा दिवस आहे हो. मी नाही गेले तर मरेल कोण?" बाई हसत म्हणाली आणि जिना उतरली. उतरताना तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता. वन्सं वरून बघत राहिल्या.

सकाळच्या फेरीत साधी लागण दाखवायची. बाई पलंगावर पडली आणि हुडहुडी भरल्याचं करायला लागली. पहिली मुलगी आली, तिनं पाठ केलेलं घडाघडा म्हटलं, गेली. दुसरी यायच्या आधी थोडी उसंत असते. त्या उसंतीत बाई एरवी डोळे मिटून पडायची. आज ती थरथर थांबवायला गेली, तर थरथर थांबेना. दात दातांवर आपटत होते. तिला पहिल्यांदा वाटलं ती मजाच. इतक्या वर्षांचा सराव, अंगात भिनलाय, दुसरं काय! दुसरी मुलगी आत येताच मात्र अंग आपोआप जास्त कापायला लागलं, आणि बाईनं ठरवलं की आजचं काम झकास जमतंय.

मधल्या फेरीत सेप्सिस. श्वास जोरात घ्यायचा, पण मध्ये थांबून विश्रांती घ्यायची, नाहीतर गरगरतं, हे तिचं जुनं तंत्र. ती विश्रांती आज घेता येईना. श्वास तिला न विचारता चालला होता. ती नुसती आत बसून ऐकत होती, कोणी दुसरंच धापा टाकतंय असं. मुलीनं विचारलं, "मावशी, आज वार कोणता?" इथे चुकीचं सांगायचं असतं. बाईनं चुकीचा वार सांगितला. मुलगी खूश. आणि मग बाई मनातल्या मनात खरा वार शोधायला गेली, तर तो तिथे नव्हता. वारच काय, सकाळी ती कुठल्या दारानं आत आली तेही नव्हतं.

तेवढ्यात पलंगाशेजारच्या हिरव्या आडपडद्यामागून कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "पाणी नको मला."

"पाणी नको मला," बाई म्हणाली. पुढचं वाक्य तेच होतं. बरोबर होतं. आवाजही ओळखीचा होता. तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही, आणि तेच फार भयंकर होतं.

शेवटच्या, म्हणजे शॉकच्या फेरीआधी मेकअपवाली आली. तिच्या मागे कामांचा डोंगर. शेजारच्या खोलीत जळलेला हात रंगवायचा होता, पलीकडे मोडका पाय. तिनं बाईची चादर गुडघ्यांवरून वर सारली, ब्रश उचलला आणि थबकली.

"अगं बाई! हे आधीच कोणी रंगवलं? माझ्या हाताखालच्या धाकटीनं वाटतं. काय हात बसलाय मेलीचा! मला तरी असं जमेल का?" आणि कौतुकानं मान हलवत, डबा मिटून ती निघून गेली.

पेशंटबाईनं मान उचलून पाहिलं. दोन्ही गुडघ्यांवर जांभळट जाळी पसरली होती आणि मांडीकडे सरकत होती. ही जाळी तिनं एकदाच खरी पाहिली होती, उशाशी बसून. आता तिला समजलं. एक क्षणभर सगळं लख्ख समजलं: हे नाटक नाही, आपण खरंच मरतोय, आणि सगळ्या कॉलेजादेखत मरतोय. फीत! फीत सोडायची आणि खाली टाकायची. तिनं उजवा हात डाव्या मनगटाकडे नेला. बोटं बधिर, लाकडाची झालेली. ती फितीवरून घसरली आणि चादरीवर पडली. तिनं पुन्हा हात उचलला, आणि कशासाठी उचलला तेच विसरली.

घंटा झाली. मुली येऊ लागल्या.

त्या येत होत्या, वाकत होत्या, म्हणत होत्या, "त्वचा गार आणि डागाळलेली. श्वास जलद. रुग्ण गोंधळलेला. चादर चिवडणे, निरर्थक हालचाल." एकीनंही चुकीचं म्हटलं नाही. सगळ्यांनी अचूक ओळखलं, सगळ्यांना पूर्ण गुण. मॅडम टोकाला बसून बटण दाबत होत्या आणि यंत्र इमानेइतबारे खोटं बोलत होतं. एक मुलगी जाता जाता कानाशी पुटपुटली, "मावशी, काय भारी करता हो तुम्ही!" बाईला तिचा हात धरायचा होता. हात चादरच ओढत राहिला.

"मला घरी न्या," आडपडद्यामागून आवाज आला.

"मला घरी न्या," बाई म्हणाली.

मग ती पुढच्या वाक्याची वाट पाहायला लागली. आवाज गप्प झाला होता. पुढे वाक्यच नव्हतं. कुजबुजराव यानंतर काही बोललेच नव्हते.

शेवटी आली कासव. हे मुलींनी ठेवलेलं नाव. पोरं शाळेला लागल्यावर, केसांत चार पांढरे घेऊन शिकायला आलेली ही बाई, आणि कामाला इतकी संथ की आधी याच परीक्षेत आपटली होती. कारण काय, तर ती खरोखर मोजायची. मोठ्या मॅडम तिच्यावर किती डाफरल्या होत्या, "अहो, मोजल्यासारखं करा, मोजत बसू नका!" पण ते 'सारखं' तिला जमायचंच नाही. आजही ती मनगटावरचं घड्याळ समोर धरून, बाईच्या छातीकडे बघत मिनिटभर उभी राहिली.

"पुढे चला," मॅडम म्हणाल्या.

"श्वास चौतीस, मॅडम."

"अठ्ठावीस. यंत्रावर बघा."

"यंत्रावर अठ्ठावीस आहेत. बाईंचे चौतीस आहेत."

"यंत्रावरचे धरा आणि चला पुढे!"

कासव पुढे गेली नाही. तिनं बाईचं नख दाबलं, सोडलं, आणि बघत राहिली. पांढरं पडलेलं नख पांढरंच राहिलं. रंग यायला फार वेळ लागला. नखाचं नाटक कसं करतात, हे तिला कळेना. तिनं चादर सारली, गुडघ्यावर अंगठा घासला. मग खिशातून स्पिरिटचा बोळा काढून घासला. बोळा पांढराच.

"मॅडम," ती म्हणाली, "रंग निघत नाहीये."

"चांगल्या प्रतीचा आहे तो."

"मॅडम, तुम्ही इकडे या." हे असं मोठ्या मॅडमना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात काहीतरी होतं. मॅडम उठल्या, आल्या, आणि त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पेशंटबाईच्या कपाळाला हात लावला. कपाळ फरशीसारखं गार होतं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण पाय गारठले नाहीत, हे त्यांचं खरं. खोट्या वायरी त्यांनी एका झटक्यात उपटल्या. खरं यंत्र आणवलं. वरचा रक्तदाब ऐंशीच्याही खाली. "शेवटचं लघवीला कधी गेला होतात? मावशी! माझ्याकडे बघा!" मावशी कुठून बघणार! मग पलंगाला चाकं होती तो पलंगच ढकलत त्या निघाल्या, कासव दुसऱ्या बाजूला. हॉस्पिटल आवारातच, पलीकडच्या इमारतीत. व्हरांड्यात परीक्षा देऊन सुटलेल्या मुलींची गर्दी होती. मॅडम धावतायत, पलंग खडखडतोय, वर पेशंटबाई डोळे अर्धवट मिटून पडलीय. मुलींना वाटलं हा शेवटचा प्रवेश. कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

पेशंटबाईला त्या टाळ्या ऐकू आल्या. आयुष्यभर त्या आवाजानं तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. आता वाटलं, प्रयोग संपला तर, आणि ती फार घाबरली.

पुढचं तिनं इतरांच्या तोंडून ऐकलं. रक्त तपासायला घेतलं, लगेच जंतूंवरचं औषध शिरेत सोडलं, सलाइन धो धो दिलं. तरी रक्तदाब वर राहीना. लॅक्टेट नको तितकं. म्हणजे शॉकच, मॅडमच्या गोष्टीतला शेवटचा. रक्तदाब धरून ठेवणारं औषध यंत्रातून थेंब थेंब चालू राहिलं आणि बाहेर बाकावर वन्सं बसून राहिल्या, कोणी काही सांगितलं की "मोठ्यानं बोला" म्हणत. आणि बाई परत आली. लाकडासारखी वाळून, केस गळून, पण आली. कासवानं त्या खोलीतलं निम्मंच काम केलं होतं, तेव्हा नियमानं ती नापास. मोठ्या मॅडमनी नियम गुंडाळून ठेवला आणि तिला पास करून टाकलं. परीक्षेची रीतही बदलली. आता आधी खरं मोजायचं, मग खोटं.

बाई घरी आल्यावर एका दुपारी मोठ्या मॅडम जिना चढून वर आल्या. बगलेत लॅपटॉप. परीक्षेचं चित्रीकरण होत असे, त्या दिवसाचंही झालं होतं.

"मुलींना दाखवायचंय," त्या म्हणाल्या. त्यांचा खणखणीत आवाज त्या खोलीत बारीक झाला होता. "तुमची परवानगी असेल तरच. आधी तुम्ही बघा. आम्ही कसे आंधळे झालो होतो ते..."

"आंधळ्या कसल्या! मलाच माझं कळलं नाही," बाई म्हणाली. "लावा बघू."

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. वन्संनी खुर्ची जवळ ओढली. बाई कलावंताच्या नजरेनं बघायला लागली. नाटक कुठे संपलं आणि खरं कुठे सुरू झालं तो सांधा तिला शोधायचा होता. सकाळची थरथर पाहिली. धाप पाहिली. सांधा सापडेना. पलंगावरची ती बाई कोण, हेच तिला ओळखू येईना. खाली शिंप्याचं मशीन खडखडत होतं.

मग शेवटची फेरी आली. उजवा हात उचलला जात होता, डाव्या मनगटाकडे जात होता, फितीवरून घसरत होता, चादरीवर पडून ओढत होता. पुन्हा उचलला जात होता. एक मुलगी स्वच्छ आवाजात म्हणाली, "चादर चिवडणे, निरर्थक हालचाल."

"निरर्थक कुठे आहे?" पेशंटबाई पडद्याला म्हणाली. "फीत सोडतेय मी. किती वेळा सोडतेय, बघा ना. दिसत नाहीये का कोणाला?"

मॅडमनी मान खाली घातली. त्या हळूच म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, नेहमीचंच आहे. तुम्ही दर वेळी करता तसं."

"दर वेळी करते तसं," बाई म्हणाली.

तिचा उजवा हात टेबलावर होता. तिनं मुद्दाम तेच केलं, नेहमीचं, वर्षानुवर्षं केलेलं, त्याचं पाहून जसंच्या तसं उचललेलं. चिमटीत टेबलावरचं कापड धरलं. दोनदा ओढलं. थांबली. पुन्हा दोनदा ओढलं. थांबली. पडदेवाल्याला ऐकू गेलं की नाही हे बघायला माणूस जेवढा थांबेल, तेवढीच. तिनं ते इतक्या वेळा केलं होतं, इतकं बिनचूक, आणि एकदाही स्वतःच्या हाताकडे पाहिलं नव्हतं.

"वन्सं," ती अगदी हळू, त्याच्यासारखी कुजबुजत म्हणाली, "ते चादर नव्हते हो चिवडत. दोरी ओढत होते."

वन्संनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात? मोठ्यानं बोला, वहिनी. मला ऐकू येत नाही."

बाईनं श्वास घेतला. मागच्या रांगेपर्यंत पोचणारा तो जुना आवाज तिच्या वाळक्या छातीतून कुठून आला कोण जाणे.

"दोरी ओढत होते हो ते! पडदा पाडा म्हणत होते! आणि मी उशाशी बसून बघत होते!"

खाली शिंप्याचं मशीन थांबलं.